कोल्हापुरातून अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठात: पदवीच्या मध्येच ट्रान्सफर कसं घ्यायचं

बी.एस्सी., बी.ए., बी.कॉम. किंवा बी.टेक.च्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलामुलींसाठी हा लेख आहे. बारावीनंतर परदेशात अर्ज करायचा राहून गेला, किंवा पदवीसाठीही तिकडे जाता येतं हे तेव्हा कुणी सांगितलंच नाही, आणि आता वर्गात बसल्यावर आपल्याला नेमकं काय शिकायचंय ते उमगायला लागलंय, अशी मुलं कोल्हापुरात पुष्कळ आहेत. दुसरीकडे एक-दोन वर्षं शिकलेल्या विद्यार्थ्याला अमेरिकेतली बरीच विद्यापीठं मधल्या वर्षात घेतात. त्याला ट्रान्सफर म्हणतात. आपल्याकडच्या डिप्लोमानंतरच्या थेट द्वितीय वर्ष प्रवेशासारखी कॅप राउंड, मेरिट लिस्ट, कटऑफ अशी भानगड तिथे नसते. अख्खा अर्ज वाचून माणसं ठरवतात.

त्या वाचनात सर्वांत जास्त वजन कशाला असतं, तर तुम्ही आत्ताच्या कॉलेजात काय केलंत याला. दहावी-बारावीचे मार्क बघतात, पण ते मागे पडलेले असतात. त्यामुळे 'इथून निघायचंच आहे' म्हणून लेक्चरला दांड्या मारणं हा ट्रान्सफर घालवायचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. ज्याला जायचंय त्याने इथे जास्त मन लावून शिकायला हवं.

आधी आपलं बसतंय का ते बघा

हार्वर्डचा नियम असा, की अर्जदाराने कॉलेजचं सलग एक वर्ष पूर्ण केलेलं हवं आणि दोन वर्षांपेक्षा जास्त झालेली नकोत. कॅलिफोर्नियातली बर्कली, लॉस एंजेलिस वगैरे सरकारी विद्यापीठं मुख्यतः तिसऱ्या वर्षातच घेतात, म्हणजे त्यांच्या हिशोबाने ६० सेमिस्टर युनिट (तिकडचे क्रेडिट) झालेले लागतात. पदवी मिळायला शेवटची दोन वर्षं तरी आमच्याकडेच काढली पाहिजेत, असं जवळपास सगळ्याच नामांकित ठिकाणी असतं. मग बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षातल्या किंवा बी.टेक.च्या सहाव्या सेमिस्टरमधल्या विद्यार्थ्याने काय करावं? स्पष्ट सांगायचं तर ट्रान्सफरचा नाद सोडावा, इथली पदवी नीट पूर्ण करावी आणि मास्टर्ससाठी अर्ज करावा. वेळ आणि पैसा दोन्ही वाचतात.

एमबीबीएस, बीएएमएस, एलएलबी आणि बी.फार्म.वाल्यांचं सहसा जमत नाही. तिकडे डॉक्टर आणि वकील होण्याचं शिक्षण पदवीनंतर सुरू होतं, त्यामुळे तुमचे विषय कुठे बसवायचे हा प्रश्न पडतो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षातलं गणित, फिजिक्स, केमिस्ट्री आणि प्रोग्रामिंग त्यामानाने चांगलं बसतं.

आणखी एक गोष्ट पैशाआधीच सांगायला हवी. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, पण ती मास्टर्स आणि पीएच.डी.ला मिळते, पदवीला नाही. तुम्ही त्या शिष्यवृत्तीत बसत असाल तर इथली पदवी चांगल्या मार्कांनी संपवून मग जाणं हा फार मजबूत रस्ता आहे. केवळ घाईपोटी तो सोडू नका. घरी बसून आईवडिलांसोबत दोन्ही रस्ते कागदावर मांडा.

यादी करताना आकड्यांकडे डोळे उघडे ठेवून बघा

हार्वर्ड ट्रान्सफरने वर्षाला सरासरी १२ विद्यार्थी घेतं. स्टॅनफर्डमध्ये निवड होण्याचं प्रमाण शेकड्याला एक-दोनच्या घरात असतं. प्रिन्स्टनने अनेक वर्षं बंद ठेवलेला ट्रान्सफर प्रवेश २०१८ मध्ये पुन्हा सुरू केला, पण तिथे कम्युनिटी कॉलेजमधले (म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणाऱ्या स्थानिक सरकारी कॉलेजातले), सैन्यात सेवा केलेले आणि कमी उत्पन्नाच्या घरातले अर्जदार यांना झुकतं माप असतं. याच्या उलट कॉर्नेल दरवर्षी काही शे ट्रान्सफर विद्यार्थी घेतं आणि युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया हजाराच्या वर. नाव मोठं असलं म्हणजे दार सगळीकडे सारखंच अरुंद असतं असं नाही, म्हणून प्रत्येक विद्यापीठाचा ट्रान्सफरचा आकडा वेगळा शोधा. फर्स्ट इयर प्रवेशाचा आकडा इथे कामाचा नाही.

कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांचे आकडे बघून मुलं हमखास फसतात. यूसीएलए, म्हणजे त्यांतलं लॉस एंजेलिसचं विद्यापीठ, ट्रान्सफर अर्जदारांपैकी साधारण चौथा हिस्सा घेतं हे खरं. पण घेतलेल्यांपैकी शेकडा नव्वदच्या वर मुलं कॅलिफोर्नियाच्याच कम्युनिटी कॉलेजांतून आलेली असतात, कारण त्यांना धोरणानेच पहिला मान आहे. शिवाजी विद्यापीठाच्या कॉलेजातून थेट अर्ज करता येतो, फक्त रांगेत आपण मागे असतो.

म्हणून काही जण उलटा रस्ता धरतात: इथलं शिक्षण थांबवून डी अँझा, फूटहिल किंवा सांता मोनिका यांसारख्या कम्युनिटी कॉलेजात पहिल्या वर्षापासून सुरुवात करायची आणि दोन वर्षांनी ट्रान्सफर घ्यायचं. तिथून डेव्हिस, अर्व्हाइन, सांता बार्बरा, सांता क्रूझ, रिव्हरसाइड आणि मर्सेड इथल्या सहा सरकारी विद्यापीठांत ठरलेले विषय आणि ग्रेड पूर्ण केल्यास प्रवेशाची लेखी हमीसुद्धा मिळवता येते. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्या हमीत नाहीत. रस्ता खरा आहे, पण चारही वर्षांचा खर्च स्वतःचा, हे लक्षात ठेवून निघा.

माझ्या मते सहा ते आठ विद्यापीठं पुरेत. त्याहून जास्त केली की प्रत्येक अर्ज पातळ होतो, आणि अर्जाची फीच प्रत्येकी ८०-९० डॉलरच्या आसपास जाते. ज्यांना ती झेपत नाही त्यांना फीमाफी मागता येते. बऱ्याच ठिकाणी मिळते, मागायला संकोच करू नका.

पैसा

नामांकित विद्यापीठात राहणं-जेवण धरून वर्षाचा खर्च ८० हजार डॉलर किंवा त्याहून जास्त येतो, म्हणजे ६५ लाख रुपयांच्या वर. हा आकडा वाचूनच पुष्कळ घरांत विषय संपतो. पण मदत कोण देतं ते कळल्याशिवाय तो संपवू नये.

हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन परदेशी विद्यार्थ्याची निवड करताना घरची आर्थिक स्थिती विचारात घेत नाहीत आणि प्रवेश दिला की गरजेइतकी मदत देतात. स्टॅनफर्डमध्ये मदत भरपूर मिळते, पण परदेशी अर्जदाराने ती मागितलीय की नाही हे निवड करताना धरलं जातं. कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं परदेशी पदवी विद्यार्थ्याला गरजेवर आधारित मदत जवळपास देतच नाहीत. म्हणून यादीतल्या प्रत्येक नावापुढे एक प्रश्न लिहा: परदेशी ट्रान्सफर विद्यार्थ्याला मदत मिळते का? हा प्रश्न ईमेलने विचारा आणि लेखी उत्तर जपून ठेवा. मदत लागणार असेल तर अर्ज करतानाच मागायची. 'आधी प्रवेश तर मिळू दे, मग बघू' हे बऱ्याच ठिकाणी चालत नाही.

मदतीसाठी बहुतेक खासगी विद्यापीठं सीएसएस प्रोफाइल नावाचा ऑनलाइन फॉर्म घेतात. नोकरदार घरात फॉर्म १६ आणि आयटी रिटर्न असतं, त्यांचं सोपं. शेतकऱ्याच्या घरात रिटर्न भरलेलंच नसतं आणि तिथे मुलं घाबरतात. घाबरायचं कारण नाही. साखर कारखान्याची ऊस बिलं, दूध संघाची बिलं, ती रक्कम जमा झालेलं बँक किंवा सोसायटीचं पासबुक, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, सोसायटीच्या पीककर्जाचा उतारा हे सगळं जमवा. सातबारा आणि दाखले मराठीत असतात, त्यांचं इंग्रजी भाषांतर करून सही-शिक्क्यानिशी जोडा. सोबत एक पानभर साध्या इंग्रजीत पत्र लिहा: आमची जमीन इतकी, उसाचं बिल हंगाम संपता-संपता हप्त्यांनी येतं, पुराच्या वर्षी इतकं नुकसान झालं, घरात खाणारी माणसं इतकी. कागद वाचणाऱ्याला आपली शेती माहीत नसते. गुंठा म्हणजे किती हेही सांगावं लागतं.

कर्ज काढायचं असेल तर एक अडचण आधीच ओळखा. मोठ्या शैक्षणिक कर्जाला बँका तारण मागतात आणि शेतजमीन साधारणपणे तारण म्हणून घेत नाहीत. बिगरशेती प्लॉट, सिटी सर्व्हेतलं घर किंवा फ्लॅट, मुदत ठेव असं काही लागतं. प्रॉपर्टी कार्डावर आजोबांचंच नाव असेल आणि चुलत्यांचे हिस्से पडलेले नसतील, तर वारसनोंद आणि हक्कसोड करण्यात महिने जातात. हे काम प्रवेश मिळाल्यावर काढलं तर जून-जुलै हातातून जातो. गणपती-दसऱ्याला सगळे भाऊबंद एकत्र येतात तेव्हाच हा विषय काढावा.

कारण: अर्जाचा जीव इथे आहे

प्रत्येक ट्रान्सफर अर्जात एक प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात येतोच: तुम्हाला कॉलेज का बदलायचंय? 'तुमचं विद्यापीठ जगात नावाजलेलं आहे' हे उत्तर हजारो जण देतात. 'माझ्या कॉलेजात शिकवत नाहीत' हे त्याहून वाईट, कारण वाचणारा विचार करतो की मग या मुलाने स्वतः काय केलं? चालणारं उत्तर असं असतं: मी इथे अमुक काम सुरू केलं, ते इथवर नेलं, आता पुढे जायला मला अमुक विषय एकत्र शिकावे लागतील, आणि ते तुमच्याकडे अमुक विभागात शिकता येतात.

समजा तुम्ही बी.एस्सी.ला संख्याशास्त्र घेतलंय. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी पावसाळ्यात रोज जाहीर होते. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे इथल्या पोरासोरांना पाठ असतं. २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या दिवसांतले आकडे, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याच्या नोंदी आणि पाणलोटातला पाऊस एकत्र मांडून पातळीचा अंदाज बांधायचा प्रयत्न केलात, तर दोनच आठवड्यांत कळेल की निव्वळ संख्याशास्त्र पुरत नाही. जलविज्ञान लागतं, कॉम्प्युटिंग लागतं. तुमच्या आत्ताच्या विषय-गटात ते बसत नाही. हे झालं खरं कारण. ते कुठल्या क्लासमध्ये शिकवता येत नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या निबंधातून उचलताही येत नाही.

अशी कामं कोल्हापुरात पावलोपावली आहेत. मेकॅनिकलच्या मुलांना शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रींमध्ये वाळूच्या पुनर्वापरापासून कास्टिंगमधल्या दोषांपर्यंत हवे तितके प्रश्न मिळतील. इतिहासवाल्याने मोडी शिकून पुरालेखागारात बसावं. वनस्पतिशास्त्राला राधानगरी-दाजीपूरचं जंगल आहे, आणि ते सह्याद्रीतलं असल्याने जगातल्या कुठल्याही जीवशास्त्रज्ञाला त्यात रस वाटतो. काम छोटं असू द्या, पण ते खरं असावं आणि त्याच्या नोंदी तारखेनिशी वहीत असाव्यात.

निबंध स्वतः लिहा. इंग्रजी थोडं साधं राहिलं तरी चालतं. आधी मराठीत विचार नीट मांडा, मग इंग्रजीत नव्याने लिहायला बसा.

कागद

इथे सर्वांत जास्त वेळ जातो, म्हणून दिवाळीच्या सुट्टीआधी सुरुवात करा.

खासगी विद्यापीठांचा अर्ज बहुधा कॉमन अ‍ॅपवरून जातो. हे अनेक विद्यापीठांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायचं संकेतस्थळ आहे. त्यात ट्रान्सफरचा विभाग वेगळा असतो, फर्स्ट इयरचा भरू नका. त्यासाठी लागतं ते असं: कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, कॉलेज रिपोर्ट, मिड-टर्म रिपोर्ट, प्राध्यापकांची शिफारसपत्रं आणि निबंध. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांचा अर्ज वेगळा असतो. त्यात विषय आणि ग्रेड आपणच भरायच्या, शिफारसपत्र नाही आणि एसएटी ही प्रवेशपरीक्षाही नाही.

ट्रान्सक्रिप्ट म्हणजे सेमिस्टरच्या गुणपत्रिकांची झेरॉक्स नव्हे. सगळ्या सेमिस्टरचे विषय, क्रेडिट आणि ग्रेड एकत्र असलेला, सही-शिक्क्याचा अधिकृत कागद तो. तुमचं कॉलेज शिवाजी विद्यापीठाशी संलग्न असेल तर तो विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून घ्यायचा. कॉलेज स्वायत्त असेल तर आधी कॉलेजच्याच परीक्षा विभागात विचारा. बंद पाकिटातल्या काही प्रती आणि विद्यापीठाने थेट ईमेलने पाठवायची सोय, दोन्हींची चौकशी करून ठेवा. दहापैकी असलेला सीजीपीए स्वतःच्या मनाने चारपैकी करून भरू नका. आहे तसा लिहा, बदल ते करतात. एखाद्या विषयात एटीकेटी लागली असेल तर ती दिसू द्या आणि दोन ओळींत कारण सांगा. लपवलेली गोष्ट नंतर उघडी पडली तर दिलेला प्रवेशही रद्द होतो.

कॉलेज रिपोर्ट हा एक पानाचा फॉर्म. विद्यार्थी अभ्यासाच्या दृष्टीने चांगल्या स्थितीत आहे का, शिस्तभंगाची कारवाई झालीय का, एवढंच त्यात विचारतात. तो प्राचार्य किंवा परीक्षा नियंत्रक भरतात. आपल्याकडे हा फॉर्म कुणी पाहिलेला नसतो, तेव्हा नुसता प्रिंट नेऊन टेबलावर ठेवू नका. एक अर्ज लिहा, फॉर्ममधल्या प्रत्येक रकान्याचा अर्थ मराठीत लिहून जोडा आणि आवक क्रमांक घ्या.

मिड-टर्म रिपोर्ट जरा अवघड जातो. चालू सेमिस्टरमध्ये आत्तापर्यंत किती ग्रेड आहे ते प्रत्येक विषयाच्या प्राध्यापकाने लिहायचं असतं, आणि आपल्याकडे ग्रेड परीक्षेनंतरच येते. यावर उपाय आहे. अंतर्गत चाचणी, सेमिनार आणि प्रॅक्टिकलचे गुण प्राध्यापकांकडून लिहून घ्या, आणि अंतिम परीक्षा सेमिस्टरच्या शेवटी होते म्हणून मधली ग्रेड देता येत नाही असं कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र घ्या. विद्यापीठं हे समजून घेतात.

प्रत्येक विषयाचा सविस्तर अभ्यासक्रमही जमवा. तो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये असतो. विषयाचं नाव, युनिट, तास, प्रॅक्टिकल आणि संदर्भग्रंथ दिसतील अशी पानं वेगळी काढून एकच फाइल करा. किती क्रेडिट धरायचे ते याच कागदांवरून ठरतं.

आता नाव. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं असतं. पासपोर्टवर क्रम वेगळा. सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच भरा आणि फरक का आहे ते अतिरिक्त माहितीच्या रकान्यात लिहा. पासपोर्ट नसेल तर आजच अर्ज टाका, कोल्हापुरात पोस्टातलं पासपोर्ट सेवा केंद्र आहे.

शिफारसपत्र

सहसा दोन लागतात, तीही तुम्हाला शिकवलेल्या प्राध्यापकांची. संस्थेच्या अध्यक्षांचं किंवा ओळखीच्या आमदारांचं पत्र उपयोगाचं नाही. जे सर किंवा मॅडम तुमच्या वहीतली चूक दाखवतात, ज्यांना तुम्ही लेक्चरनंतर थांबून प्रश्न विचारलेत, त्यांनाच विचारा. 'तू लिहून आण, मी सही करतो' असं प्रेमाने म्हटलं जातं. तेव्हा नम्रपणे सांगा की पत्र तुम्हीच लिहायचं असतं आणि थेट ऑनलाइन टाकायचं असतं. लिहायला सोपं जावं म्हणून त्यांच्या विषयात तुम्ही काय केलंत त्याचं एक पान द्या. पत्र शक्यतो कॉलेजच्या ईमेलवरून जावं, आणि महिनाभर तरी वेळ द्या.

इंग्रजीची परीक्षा

टोफेल किंवा आयईएलटीएस डिसेंबरपर्यंत देऊन टाका. नामांकित ठिकाणी आयईएलटीएसला ७ बँड किंवा त्याहून वर असावेत. एसएटी लागते का ते ठिकाणागणिक आणि वर्षागणिक बदलतं, त्यामुळे ऑगस्टमध्येच तपासा.

वर्षाचं गणित

कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांचा अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरायचा असतो. हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनची मुदत १ मार्चच्या सुमारास, कॉर्नेल आणि स्टॅनफर्डची मार्चच्या मध्यावर. निर्णय बहुतेक मे-जूनपर्यंत येतात आणि वर्ग ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला भरतात. म्हणजे निर्णय आणि विमान यांच्यात जेमतेम दोन-तीन महिने.

त्यात बसवायचं ते असं: वर्षभराच्या खर्चाइतका पैसा दाखवून विद्यापीठाकडून आय-२० हा व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा दाखला घ्यायचा, परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीची ३५० डॉलर सेव्हिस फी भरायची, डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा आणि मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत मुलाखतीला जायचं. बोटांचे ठसे आणि मुलाखत यांच्या वेळा सहसा वेगळ्या मिळतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन रस्ता बंद पडला होता. जुलैतली मुलाखत असेल तर एक-दोन दिवस आधीच मुंबईत जाऊन राहा. व्हिसा अधिकारी 'मध्येच कॉलेज का सोडता?' असं विचारतात, तेव्हा निबंधात लिहिलेलंच थोडक्यात सांगा.

कॉलेज सोडताना

व्हिसा हातात येईपर्यंत इथला प्रवेश रद्द करू नका, टी.सी. काढू नका. चालू सेमिस्टरची परीक्षा पूर्ण ताकदीने द्या, कारण प्रवेश या शेवटच्या निकालावर अवलंबून ठेवलेला असतो. अमेरिकेत मायग्रेशन सर्टिफिकेट कुणी मागत नाही. मात्र कॉलेजात जमा असलेल्या दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका परत घ्या. तुमचे क्रेडिट अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (विद्यार्थ्याचे क्रेडिट साठवणाऱ्या सरकारी ऑनलाइन खात्यात) जमा झालेत का ते लॉगिन करून बघा. ते जास्तीत जास्त ७ वर्षं वापरता येतात, आणि काही कारणाने परत यावं लागलं तर पहिल्या वर्षापासून सुरू करावं लागू नये म्हणून ते महत्त्वाचे आहेत.

किती क्रेडिट धरले जातील हे बहुधा प्रवेशानंतरच कळतं. आपल्याकडचे ८०-९० क्रेडिट म्हणजे तिकडचेही तितकेच, असं होत नाही. लेखन, समाजशास्त्र, कला असे सर्वांना सक्तीचे विषय आपण केलेले नसतात, त्यामुळे एखादं सेमिस्टर जास्त लागू शकतं. पैशाच्या हिशोबात ते आधीच धरा. पहिल्यांदा नाकारलेला विषय पुन्हा तपासून घेता येतो. त्यासाठी संबंधित विभागात अभ्यासक्रमाची फाइल आणि सही झालेल्या प्रॅक्टिकल जर्नलचे स्कॅन घेऊन जा. जर्नल रद्दीत घालू नका.